कुणाला? कधी? कुठे?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विषय छापून आल्यावर संयोजकांपैकी एकानं मला फोन केला होता. ‘डॉक्टर, थोडं सौम्य करता येईल का?’ मी म्हटलं, शीर्षक सौम्य करतो, विषय नाही करता येणार. म्हणून पत्रिकेवर तीन प्रश्नचिन्हं आली. ते तीन प्रश्न माझे नाहीत. ज्यांच्या स्मृतीत ही व्याख्यानमाला आहे त्या, माझ्या तेव्हाच्या वरिष्ठ, बाईंचे ते आहेत, आणि 1989 साली माझ्याच एका अहवालाच्या समासात लाल पेन्सिलीनं लिहिलेले आहेत.

मी तेव्हा एका शासकीय मनोरुग्णालयात डॉक्टर होतो. आमच्या बंद वॉर्डात न्यायालयाकडून आलेले रुग्ण असत. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चौतिशीचा माणूस. शेजारणीवर जबरदस्तीचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. त्या वेळी त्याला तीव्र मानसिक आजार होता, म्हणून न्यायालयानं शिक्षा न देता त्याला आमच्याकडे ठेवायला सांगितलं होतं. तीन वर्षांत औषधांनी गुण आला. आवाज ऐकू येणं थांबलं. तो वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना जेवण भरवायचा, झाडांना पाणी घालायचा. भावानं त्याला घरी नेण्यासाठी अर्ज केला, आणि अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘लक्षणे पूर्णपणे ओसरली आहेत. वर्तन शांत. इतरांना धोका नाही.’

बाईंनी शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढली, समासात ‘कुणाला? कधी? कुठे?’ असं लिहिलं आणि कागद परत पाठवला. मला राग आला. तीन वर्षं या माणसाला रोज पाहणारा मी, आणि बाई विचारतायत कुणाला!

त्या रागाला उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. आजचं व्याख्यान त्याचाच हिशोब आहे असं समजा.

आधी आमच्या धंद्याची नाचक्की सांगतो, म्हणजे पुढे मी काही ठामपणे बोललो तर तुम्हाला सावध राहता येईल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात डॅनेमोरा नावाचं एक रुग्णालय होतं, ‘धोकादायक वेड्या गुन्हेगारांसाठी’. जॉनी बॅक्सस्ट्रॉम नावाच्या कैद्याची शिक्षा संपली तरी त्याला तिथेच ठेवलं गेलं. 1966 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे घटनाबाह्य ठरवलं. त्या एका निकालामुळे त्याच्यासारख्या 967 जणांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. या सगळ्यांबद्दल मानसोपचारतज्ज्ञांनी सही करून सांगितलं होतं की हे धोकादायक आहेत. साध्या रुग्णालयांतले कर्मचारी घाबरून गेले होते. हेन्री स्टेडमन आणि जोसेफ कोकोझा या अभ्यासकांनी पुढची चार वर्षं त्यांचा माग ठेवला. त्यातल्या फार थोड्यांना पुन्हा बंदिस्त रुग्णालयात पाठवावं लागलं. बहुतेक जण म्हातारे होत गेलेले, गप्प बसणारे, विसरले गेलेले लोक होते. ज्यांना सोडायची कुणाची छाती झाली नसती, त्यांना न्यायालयानं सोडलं, आणि आमचं भाकीत उघडं पडलं.

जॉन मोनाहन यांनी 1981 मध्ये तोवरचा सगळा पुरावा एकत्र केला. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ तीन वेळा ‘हा हिंसा करेल’ म्हणाले, तर फार तर एकदा बरोबर निघतात, असा तो निष्कर्ष होता. दोनच वर्षांनी टेक्सासमधला बेअरफूट खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. फाशी द्यायची की नाही, हे आरोपी पुढे धोकादायक ठरेल का यावर अवलंबून होतं. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननं स्वतः न्यायालयाला लिहून दिलं की दूरच्या भविष्याबद्दलचं आमचं असं भाकीत तीनपैकी दोन वेळा चुकतं. एखाद्या व्यवसायाच्या संघटनेनं कोर्टात आपल्याच अडाणीपणाचं प्रमाणपत्र सादर केल्याची उदाहरणं फार नसतील. न्यायालयानं तरीही तज्ज्ञाची साक्ष ग्राह्य धरली. बेअरफूटला 1984 मध्ये मृत्युदंड दिला गेला.

आता लैंगिक हिंसेकडे येतो. इथे लोकांचं एक मत पक्कं असतं: एकदा केलं तो पुन्हा करणारच. तुमच्यापैकी किती जणांना तसं वाटतं, हात वर करायला सांगत नाही. मलाही वाटायचं. 1998 मध्ये कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि मोनिक ब्युसिएर यांनी 61 अभ्यास एकत्र करून 23,393 लैंगिक गुन्हेगारांचा पुढचा इतिहास तपासला. चार-पाच वर्षांच्या काळात नवा लैंगिक गुन्हा नोंदला गेलेल्यांचं प्रमाण 13.4 टक्के निघालं. हा आकडा ऐकून सुटकेचा निःश्वास टाकू नका. नोंदला गेलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा यांत किती अंतर असतं हे या सभागृहातल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण आकडा कितीही वाढवला, तरी ‘पुन्हा करणारच’ हे काही त्यातून निघत नाही. माणसामाणसांत फरक आहे, आणि तो कशावरून ओळखायचा, हा खरा प्रश्न आहे.

त्या अभ्यासातला जो भाग मला झोंबला, तो सांगतो. विकृत लैंगिक ओढ, आधीचे लैंगिक गुन्हे, समाजविघातक स्वभाव, अनोळखी व्यक्तीवरचा हल्ला, या गोष्टींचा पुढच्या गुन्ह्याशी संबंध दिसला. पण गुन्हा नाकारणं, पीडितेबद्दल कळवळा नसणं, यांचा संबंध जवळपास दिसलाच नाही! मी उमेदीची सगळी वर्षं मुलाखतीत हेच पाहत आलो होतो. रडला का? चुकलं म्हणाला का? डोळ्यात डोळे घालून बोलला का? जो रडायचा त्याला माझ्या मनात गुण मिळायचे. जो म्हणायचा ‘मी नाही केलं’, त्याचे कमी व्हायचे. थोडक्यात, मी अभिनयाची परीक्षा घेत होतो. लाज वाटणं ही माणुसकीची गोष्ट आहे, ती हवीच. पण तिच्यावरून पुढच्या पाच वर्षांबद्दल काही सांगता येत नाही.

मग कशावरून सांगायचं? एक रस्ता आकड्यांचा. हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांनी 1999 मध्ये स्टॅटिक-99 हे साधन आणलं. त्यात दहाच प्रश्न आहेत. वय किती, कुणाबरोबर दोन वर्षं जोडीदार म्हणून राहिला आहे का, आधी लैंगिक गुन्हे किती, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, नात्याबाहेरची होती का, पुरुष होती का, असे. रुग्णाला भेटायचीही गरज नाही, कागद पुरतो. आणि रुग्णाशी तासन्‌तास बोलून, चहा पिऊन, ‘माणूस ओळखण्याचा’ पंचवीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या डॉक्टरपेक्षा हे दहा प्रश्न बरे ठरतात. पॉल मील यांनी 1954 मध्येच सांगून ठेवलं होतं की भाकितात साधं गणित तज्ज्ञाच्या अंदाजाला बहुधा हरवतं. आम्ही ते पुस्तक शिकवतो, आणि वॉर्डात गेलो की विसरतो.

पण या गणिताच्या पोटात एक खड्डा आहे. तो वहीवर मांडून दाखवतो. हजार माणसं धरा. त्यातली शंभर पुढे गुन्हा करणार आहेत, नऊशे नाहीत. माझं साधन चांगलं आहे, दोन्हीकडे शंभरातल्या पंचाहत्तरांना बरोबर ओळखतं. मग शंभरातले 75 मी पकडले, 25 सुटले. पण नऊशेतल्या 225 जणांनाही मी ‘धोकादायक’ म्हटलं. आता माझ्या ‘धोकादायक’ यादीत 300 नावं आहेत, आणि त्यातली 225 चुकीची. हे कल्पित आकडे आहेत, पण गणित खरं आहे. घटना जितकी विरळ, तितकी यादी खोटी. म्हणजे यादीतल्या एका विशिष्ट माणसाकडे बोट दाखवून ‘हा करणार’ म्हणणं, चांगलं साधन हातात असूनही, बेइमानी आहे. आणि उरलेल्या सातशेंमध्ये ते पंचवीस जण बसलेले आहेत, हे विसरून ‘धोका नाही’ लिहिणं हीही बेइमानीच. माझ्या अहवालात दुसरी होती.

शिवाय स्टॅटिक-99 चं नावच स्टॅटिक. त्यात मोजलं जातं ते भूतकाळातलं. पुढे आलेल्या सुधारित आवृत्तीत साठी ओलांडलेल्याचे तीन गुण कमी होतात, कारण वय वाढतं तसा हा धोका उतरतो. पण उपचार घेतला, दारू सोडली, औषधं नियमित घेतली, म्हणून गुण उतरत नाहीत. रुग्णाला मी काय सांगू? ‘बाबा रे, तू आता फक्त म्हातारा हो’?

आता आमच्या वॉर्डातल्या माणसाकडे परत येऊ, कारण तो नुसता गुन्हेगार नव्हता, रुग्ण होता. इथे दोन टोकाची मतं आहेत, आणि दोन्ही आळशी. एक म्हणतं, वेड्यांचा काही नेम नाही. दुसरं, जे आम्ही सुशिक्षित लोक चर्चासत्रांत बोलतो, की मानसिक आजाराचा आणि हिंसेचा काही संबंध नाही. स्वीडनमध्ये सीना फझेल आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय नोंदवह्या तपासून 2007 मध्ये एक अभ्यास छापला. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या 8,495 पुरुषांपैकी 24 टक्क्यांना कधी ना कधी मानसोपचारासाठी रुग्णालयात दाखल केलेलं होतं. सर्वसाधारण पुरुषांत हे प्रमाण 5 टक्के होतं. म्हणजे संबंध आहे, तो नाकारून रुग्णाचं भलं होत नाही. पण हाच आकडा उलटून वाचा. चारातल्या तिघांना कधी मनोरुग्णालयाची पायरी चढावी लागली नव्हती.

आणि संबंध आहे म्हणजे कसला? कुणाला भास होतो की ही बाई माझी बायको आहे, देवानंच तसं सांगितलंय. तिथे औषधानं भास गेला की धोक्याचं मूळच बरंचसं उपटलं जातं. कुणाचा उन्माद चढतो तेव्हा सगळेच लगाम सुटतात, पैसे उधळतो, रात्री-बेरात्री फिरतो, अंगचटीला जातो. तिथे पुढचा उन्माद वेळेत ओळखणं हीच सुरक्षितता. पण तिसरा प्रकार असा की माणसाची लैंगिक ओढ मुळातच वाकडी आहे, लहान मुलांकडे आहे किंवा जबरदस्तीकडे आहे, ती आजाराच्या आधीपासून आहे, आणि आजार शेजारी येऊन बसला आहे. इथे आम्ही फसतो. औषधानं आवाज गेले, बोलणं सुसंगत झालं, झोप लागली, आणि आम्ही टाळ्या वाजवतो. किंबहुना आजारानं त्याच्यात जो सुस्तपणा आणला होता तोही गेलेला असतो. आता तो नीट बेत करू शकतो. आम्ही बरा केला तो आजार एक, आणि न्यायालय विचारतंय धोका दुसराच.

‘वर्तन शांत’ या शब्दांबद्दलही बोलायला हवं. बंद पुरुष वॉर्डात शांत. जिथे दारू नाही, एकटी बाई नाही, लहान मूल नाही, आणि दिवसातून दोन वेळा गोळी गिळल्याची खात्री तोंड उघडून केली जाते, तिथे शांत. मासा काचेच्या पेटीत पोहतो म्हणून तो समुद्रात कुठे जाईल हे सांगता येत नाही. माझं तीन वर्षांचं निरीक्षण खरं होतं, पण ते भलत्याच जागेचं होतं. बाईंचा ‘कुठे?’ हा प्रश्न तिथे होता.

आकड्यांखेरीज दुसरा रस्ता शिस्तीनं निर्णय घेण्याचा. 1997 मध्ये कॅनडातच डग्लस बोअर, स्टीफन हार्ट, रँडल क्रॉप आणि ख्रिस्तोफर वेबस्टर यांनी एसव्हीआर-20 नावाची मार्गदर्शिका काढली. त्यात वीस मुद्दे आहेत, लैंगिक ओढ, मानसिक आजार, व्यसन, नोकरी, नातेसंबंध, आधीच्या गुन्ह्यांची तऱ्हा, आणि पुढचे बेत वास्तवातले आहेत का हेसुद्धा. पण त्याची बेरीज करून निकाल लावायचा नाही. प्रत्येक मुद्दा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढी शिस्त, आणि मग डॉक्टरनं कारणांसह निर्णय लिहायचा. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टच्या व्हान डर हूवेन क्लिनिकमधल्या विवियन द फोगेल आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दोन्ही पद्धती एकाच रुग्णालयातल्या 122 लैंगिक गुन्हेगारांवर ताडून पाहिल्या. तिथे शिस्तीनं घेतलेला मानवी निर्णय नुसत्या स्टॅटिक-99 च्या गुणांपेक्षा सरस ठरला. सगळीकडे असं निघतंच असं नाही. पण एवढं खरं की डॉक्टरचं डोकं निरुपयोगी नाही, मोकाट सोडलं की निरुपयोगी होतं.

2003 मध्ये हार्ट आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पायरी चढवली. आरएसव्हीपी या पद्धतीत ‘धोका आहे का’ असं विचारतच नाहीत. तिथे गोष्ट रचायला सांगतात. समजा या माणसानं पुढे काही केलंच, तर काय करेल? कुणावर? किती गंभीर? लगेच, की वर्षभरानं? त्याआधी कोणत्या खुणा दिसतील? आणि ती गोष्ट अर्ध्यात मोडायची तर कुठे काय करायचं?

आपल्याकडे धरणावरच्या अभियंत्याला हे शिकवावं लागत नाही. पाऊस किती पडेल हे त्याला माहीत नसतं, पण पाणी किती चढलं की किती विसर्ग करायचा, आणि खालच्या कोणत्या गावांना कधी कळवायचं, हे ठरलेलं असतं. तो एकदम सगळे दरवाजे उघडत नाही, आणि बंद ठेवूनही चालत नाही. उपमा पुढे ताणत नाही, कारण पाण्याला हक्क नसतात, आमच्या रुग्णाला असतात, आणि पाणी सुधारतही नाही. पण कळवण्याचा मुद्दा मात्र लक्षात ठेवा.

कारण तेवढा एक मुद्दा चुकला की काय होतं ते त्याच युट्रेक्ट परिसरात 2017 च्या सप्टेंबरअखेर दिसलं. सायकलवर निघालेली एक तरुणी परत आली नाही. तिच्यावर अत्याचार करून खून करणारा माणूस, दोन अल्पवयीन मुलींवरच्या बलात्कारासाठी अकरा वर्षांची शिक्षा भोगत होता, आणि शिक्षेच्या शेवटच्या टप्प्यात समाजात परतण्याची तयारी म्हणून एका न्यायवैद्यक मानसोपचार विभागात राहत होता. खटल्याच्या वेळी त्यानं मानसिक तपासणीला सहकार्य करायला नकार दिला होता, म्हणून त्याला सक्तीच्या उपचारांचा आदेशच मिळाला नव्हता. डच सुरक्षा मंडळानं 2019 मध्ये अहवाल दिला. त्याच्या पुनर्वसनाचा विचार झाला, समाजाला असलेल्या धोक्याचा पुरेसा झाला नाही. हे अशा देशात, जिथे या विषयावरचं जगातलं उत्तम संशोधन होतं. साधनं कपाटात होती. कुणी गोष्ट रचली नव्हती, आणि एका टेबलावरची माहिती दुसऱ्या टेबलावर गेली नव्हती.

आता कुणी म्हणेल, मग ही साधनं आपल्याकडे आणा आणि भरा. थांबा. कॅनडातच जेफ्री एवर्ट नावाच्या मेटी, म्हणजे आदिवासी वंशाच्या कैद्यानं तक्रार केली की ही साधनं माझ्यासारख्या लोकांवर तपासलेलीच नाहीत. स्टॅटिक-99 त्यात होतं. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की तुरुंग विभागानं याची खातरजमा करण्याचं कायदेशीर कर्तव्य पाळलं नाही. जन्मभूमीतच ही अवस्था असेल तर आपण काय करतो आहोत याचा विचार करा. ‘जोडीदाराबरोबर दोन वर्षं राहिला का’ हा प्रश्न तिथे माणसाची जवळीक साधण्याची कुवत मोजतो. आपल्याकडे तो आईवडिलांची स्थळ शोधण्याची कुवत मोजेल. ‘आधीच्या शिक्षा किती’ हा प्रश्न तर विचारूच नका. जिथे तक्रार पोलिसपाटलापर्यंत जाते आणि तिथेच पंचांसमोर मिटते, तिथे कोरा कागद म्हणजे निर्दोष माणूस नव्हे. दहा प्रश्नांचं साधन आपल्याकडे फार स्वस्तात ‘धोका कमी’ म्हणेल.

बाईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं, 1989 मध्ये वाचायला फारसं उपलब्धही नव्हतं. त्यांच्याकडे कायदा होता, आणि कायदा त्यांनी नीट वाचला होता. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 339, जे आता नागरिक सुरक्षा संहितेत 378 झालं आहे, असं सांगतं की नातेवाईक किंवा मित्रानं अर्ज केला आणि हा माणूस स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची हमी दिली, तर त्याला ताब्यात देता येतं. आमच्याकडे हमीवर सही भावाची होती. बाईंनी विचारलं, ‘घरात आणखी कोण?’ मला माहीत नव्हतं. ‘मग तू कुणाला धोका नाही म्हणून लिहिलंस?’

पुढच्या खेपेला भावाबरोबर त्याची बायको आली. बाकाच्या टोकाशी बसली, पदर तोंडाशी. नवरा सगळं बोलत होता. बाईंनी त्याला कार्यालयात कसल्याशा सहीसाठी पाठवलं आणि मला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग वहिनी म्हणाली की शेजारणीची गोष्ट दुसरी होती. पहिली लग्नाआधीची, मामाच्या गावची, तेव्हा भावजींना कसला आजारबिजार नव्हता. गावानं मिटवली. आणि माझी थोरली आता अकराची आहे. बाईंनी विचारलं, घर कसं आहे? दोन खोल्या. बाई म्हणाल्या, आणि न्हाणीघर? वहिनी म्हणाली, परसात आहे, तट्ट्याचं, दार नाही, गोणपाट लावतो.

अहवाल बाईंनी मला पुन्हा लिहायला लावला. तो पावणेदोन पानांचा झाला. त्यात पहिल्या घटनेची नोंद गेली, तीही वहिनीचं नाव न घालता, भावाला कळणार नाही अशा बेतानं. मुक्काम भावाकडे नको, गावातच विधुर चुलत्याकडे. आधी आठ दिवसांची रजा, मग परत, मग पंधरा दिवसांची. महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात, चुकलं तर नर्सनं त्याच दिवशी आम्हाला तार करायची. तो रात्री जागू लागला किंवा दारूच्या गुत्त्यावर दिसला तर काय करायचं, ते चुलत्याला तोंडी समजावलं, कारण त्याला वाचता येत नव्हतं. आणि शेवटी एक ओळ होती, जिच्यावरून कार्यालयातले हेडक्लार्क माझ्याकडे कागद घेऊन आले. छापील नमुन्यात याला रकाना नाही, ही कुठल्या सदराखाली घालू, असं विचारत होते. ओळ अशी होती: भावाच्या घरी न्हाणीघरास आतून कडी असलेले दार बसवल्याची खात्री रजेपूर्वी करावी.